आधी हवा मोजा, मग सीलंट टाका

(रिद्धपूर, ता. मोर्शी, जि. अमरावती येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आजच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर कापसाचा भाव आहे, पीक विमा आहे, रात्रीच्या विजेचं वेळापत्रक आहे. त्यात मधेच 'मोटारसायकलचे टायर' हा विषय पाहून काही जणांना हसू आलं असेल. भावाच्या लढाईत हे टायरचं काय काढलं, असं वाटलं असेल. पण जरा विचार करा. तुमच्या घरून शेतात बियाणं कशावर जातं? ४५ किलोची युरियाची गोणी कशावर जाते? फवारणीचा पंप, पाण्याची कॅन, दुपारचा डबा, वेचणीला येणारी बाई, आणि संध्याकाळी वेचलेल्या कापसाचं गाठोडं हे सगळं कशावर येतं? बंडी आता थोड्या घरी राहिली. बैलजोडी त्याहून थोड्या घरी राहिली. कोरडवाहू शेतकऱ्याची बंडी आज मोटारसायकल आहे.

बंडीच्या चाकाला लोखंडी धाव असायची. काटा धावेखाली आला तर काटा मोडायचा. मोटारसायकलच्या चाकाखाली काटा आला तर माणसाचा दिवस मोडतो. कृषी महाविद्यालयात आम्हाला बैलजोडीच्या एका दिवसाचा खर्च काढायला शिकवलं. टायरचा खर्च काढायला कोणी शिकवलं नाही.

सरकारच्या लेखी तर ही गाडी शेतीची नाहीच. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. ट्रॅक्टरच्या टायरवर ५ टक्के कर आला, आणि मोटारसायकलच्या टायरवर २८ चे १८ टक्के झाले. कमी झाले हे बरंच झालं. पण ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे तो शेतकरी, आणि ज्याच्याकडे तीन एकर पऱ्हाटी आणि एक जुनी मोटारसायकल आहे तो हौशी माणूस, असा याचा अर्थ होतो. या विषयाला आज वेळ मागितला तो म्हणून.

काटा आपलाच, औषध परदेशातलं

आपल्या भागात टायरला काय टोचतं? धुऱ्यावरच्या बाभळीचा आणि हिवराचा काटा. कुंपणाला लावलेल्या बोराट्या. पऱ्हाटी आणि तूर कापल्यावर जमिनीत उरलेले तिरपे, टोकदार खुंट. आणि पांदणीत, पडीक जमिनीत पसरणारे सराटे, म्हणजे गोखरू.

या सराट्याची एक गंमत सांगतो. हे तण आपल्याकडून आणि भूमध्य समुद्राच्या बाजूने जगभर गेलं. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांत ते इतकं माजलं, की तिथे त्याचं नावच 'पंक्चरची वेल' असं पडलं. त्याच्या बंदोबस्तासाठी १९६१ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी भारत, इटली, फ्रान्स या देशांत आढळणारे दोन किडे नेऊन सोडले. हे किडे आपल्या धान्यातल्या सोंड्यांच्या जातकुळीतले. एक सराट्याचं बी पोखरतो, दुसरा खोड पोखरतो. आणि त्याच कोरड्या मुलखात सायकलच्या ट्यूबमध्ये आधीच सीलंट भरून ठेवायची पद्धत चांगली रुळली. म्हणजे काटाही आपल्याकडचा, किडाही आपल्याकडचा, आणि औषध बाटलीत भरून तिकडून आलं.

आता ते औषध इथेही मिळतं. तालुक्याच्या गावातला पंक्चरवाला सुटं भरून देतो. सिएट कंपनीचा आपल्या नागपूरजवळ बुटीबोरीला दुचाकीचे टायर बनवणारा कारखाना आहे. त्या कंपनीने आतून सीलंट लावलेले मोटारसायकलचे टायरही बाजारात आणले. तेव्हा घ्यायचं की नाही हे ठरवण्याआधी ते काय करतं, हे समजून घेऊ.

सीलंट काय करतं आणि काय करत नाही

सीलंट म्हणजे घट्टसर द्राव. त्यात पाणी, ग्लायकॉल, बारीक तंतू आणि रबराची भुकटी असते. चाक फिरलं की तो द्राव टायरच्या आतून, जमिनीला टेकणाऱ्या बाजूला पसरतो. काटा घुसला आणि भोक पडलं, की आतली हवा बाहेर धावते. ती हवाच द्रावाला भोकात ढकलते. तंतू एकमेकांत अडकतात आणि बूच तयार होतं. पाटाच्या फुटक्या जागी पऱ्हाट्या आणि पालापाचोळा अडकून पाणी थांबतं ना, तसंच हे आहे.

यात दोन जाती आहेत. एक आधीच भरून ठेवायची, ती ग्लायकॉलची. दुसरी पंक्चर झाल्यावर डब्यातून दाबाने मारायची, ती बहुधा रबराच्या चिकाची म्हणजे लॅटेक्सची. दुसरी जात जवळच्या दुकानापर्यंत हळूहळू पोचण्यापुरती आहे. ती वाळून आत घट्ट बसते.

आता मर्यादा ऐका. सीलंट टायरच्या तळाचं बारीक भोक बंद करतं. बाजूची भिंत फाटली तर ते काही करू शकत नाही, कारण तिथे द्राव थांबत नाही आणि ती भिंत सारखी वाकते. खुंटाने लांब चीर पाडली तर द्राव नुसता बाहेर सांडतो. टायर गुळगुळीत झाला असेल, फुगा आला असेल, तर त्यात सीलंट टाकणं म्हणजे सडलेल्या बियाण्याला बीजप्रक्रिया करणं.

ट्यूबलेस आणि ट्यूबवाला यांतही मोठा फरक आहे. ट्यूबलेस टायरचं रबर जाड असतं, ते काट्याला धरून ठेवतं. तिथे सीलंट चांगलं काम करतं. ट्यूब पातळ आणि ताणलेली असते. काटा टायरमध्ये मोडून राहिला, तर तो चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ट्यूब घासतो आणि भोक मोठं करत जातो. ट्यूबमध्ये सीलंट अगदीच निकामी आहे असं नाही, सराट्याच्या भोकाला ते चालतं, पण त्याच्यावर भरवसा निम्मा ठेवा. आपल्या गाडीला काय आहे ते टायरच्या बाजूवर लिहिलेलं असतं. तारांच्या आऱ्यांचं चाक असेल तर बहुतेक वेळा आत ट्यूब असते.

मागच्या रांगेतल्या एका भावाने मघाशी मला विचारलं, "भाऊ, ते पाणी टाकलं का पंक्चरची कटकटच राह्यत नाही म्हणते दुकानदार. खरं हाय काय?"

दुकानदार अर्धं खरं सांगतो. कटकट राहत नाही, पंक्चर राहतं. काटा आतच असतो. बूच धरलेलं असतं, पण बाजूने हवा थोडी थोडी जातच असते. आधी काय व्हायचं? टायर बसायचा, तुम्ही उतरायचे, शिव्या द्यायचे, ढकलत न्यायचे आणि पंक्चर काढायचे. आता टायर बसत नाही. २८ पौंडांचे २४ होतात, २४ चे २० होतात आणि तुम्हाला कळत नाही. मागे घरधनीण बसलेली, तिच्या मांडीवर पोर, टाकीवर एक पोतं, आणि गाडी वळणावर डोलायला लागते तेव्हा कळतं. कमी हवेचा टायर सारखा दबतो-फुगतो, त्याच्या भिंती तापतात, ब्रेक लावताना गाडी सरकते. पंक्चरने खोळंबा होतो. लपलेल्या पंक्चरने हातपाय मोडतात.

सेन्सरचं काम

म्हणून सीलंटच्या जोडीला हवेचा दाब सांगणारं काहीतरी लागतं. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत स्टेपनी नसली तरी चालेल, असं त्यात आलं. पण अट काय? टायर ट्यूबलेस हवेत, गाडीत टायर दुरुस्तीचं साहित्य म्हणजे सीलंट हवं, आणि त्याशिवाय हवेचा दाब दाखवणारी सेन्सरची यंत्रणाही हवी. नुसत्या सीलंटच्या भरवशावर स्टेपनी काढायला सरकार तयार झालं नाही. शहरातल्या चार चाकांच्या गाडीला जर दोन्ही लागतात, तर पांदणीतल्या दोन चाकांच्या गाडीला एकावर कसं भागेल? जुन्या चेतक स्कूटरला निदान मागे स्टेपनी असायची. मोटारसायकलला ती कधी नव्हतीच.

सेन्सरही दोन जातींचे. एक टायरच्या आत, रिमवर बसवलेला. त्याला सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं, त्यातून तो दाब मोजतो आणि रेडिओ लहरींनी मीटरवर पाठवतो. हा महागड्या गाड्यांना असतो. दुसरा वॉलच्या टोपीच्या जागी बाहेरून बसवायचा. तो बाजारात सुटा मिळतो, छोट्या पडद्यावर किंवा मोबाइलवर आकडा दाखवतो. आपल्यातल्या कोणी घेतला तर हाच घेईल.

आता या दोघांचं, सीलंटचं आणि सेन्सरचं, भांडण कुठे आहे ते बघा. सीलंटचं काम छिद्र बुजवणं. सेन्सर छिद्रातूनच श्वास घेतो. सीलंटला काट्याचं भोक कोणतं आणि सेन्सरचं छिद्र कोणतं हे कळत नाही. आतल्या सेन्सरचं छिद्र चिकटून बंद झालं, की तो जुनाच आकडा दाखवत राहतो किंवा गप्प होतो. टायरमध्ये १५ पौंड उरलेत आणि पडदा २८ सांगतोय, यापेक्षा पडदा नसलेला परवडला. म्हणून ज्याच्या गाडीत आतला सेन्सर आहे, त्याने सेन्सरला चालणारं सीलंट असं बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं असेल तरच टाकावं. आणि पुढे टायर उघडला की सेन्सर पुसून घ्यावा. लॅटेक्सचा डबा तर अगदी नाइलाज असेल तरच.

बाहेरच्या टोपीच्या सेन्सरची गोष्ट वेगळी. तो फिरवून बसवला की वॉलची पिन दाबून ठेवतो. म्हणजे वॉल सतत उघडा असतो आणि हवा त्या टोपीपर्यंत येऊन थांबलेली असते. चाक थांबलं आणि वॉल खाली राहिला, की सगळा द्राव खाली जमतो आणि सरळ टोपीत शिरतो. दुसरा धोका असा, की टोपीचं वायसर नीट बसलं नाही तर तिथूनच हवा जाते. बसवल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघा.

मग करायचं कसं

सीलंट भरायचं ते हवेच्या दुकानावर भरा, घरी नको. पिन काढली की टायर पूर्ण बसतो, आणि ट्यूबलेस टायर रिमपासून सुटला तर हातपंपाने पुन्हा बसत नाही. भरताना वॉल वर ठेवा. बाटलीवर टायरच्या मापाप्रमाणे जेवढं लिहिलंय तेवढंच टाका. सर्वसाधारण मोटारसायकलच्या मागच्या टायरला ते पाव लिटरच्या आगेमागे असतं. जास्त टाकलं तर जास्त फायदा होत नाही, चाक डोलतं. युरियासारखंच आहे हे.

पिन पुसून बसवा, हवा पूर्ण भरा आणि गाडी थोडी फिरवून आणा, म्हणजे द्राव सगळीकडे पसरेल. टोपीचा सेन्सर त्यानंतर, वॉल वर असताना बसवा. गाडी उभी करताना शक्यतो वॉल वर राहील असं चाक ठेवा. हवा मोजताना किंवा भरताना तर वॉल वर ठेवून थोडं थांबाच, नाहीतर गेजच्या तोंडात चीक जाईल.

आकडा किती हवा? शंभर सीसीच्या साध्या गाडीला पुढे २५ पौंडांच्या आसपास आणि मागे एकट्याला २८ च्या आसपास असतो. मागे माणूस किंवा ओझं असेल तर मागच्याला बराच जास्त लागतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात आणि बहुधा गाडीवरच्या स्टिकरवर असतो, तो बघा. धोक्याची घंटा कुठे लावायची? अमेरिकेत मोटारींसाठी जो नियम आहे, त्यात ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्के हवा कमी झाली की दिवा लागलाच पाहिजे. २८ चा चौथा हिस्सा ७. म्हणजे २१ ला थांबायचं. ओझं नेणाऱ्याने त्याच्या आधीच थांबावं.

हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा. हवा तापली की फुगते. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे १२ अंश आणि दुपारी ३४ अंश असू शकतात. एवढ्या फरकाने टायरमध्ये सुमारे ३ पौंड वाढलेले दिसतात. दुपारी आकडा बरोबर दिसला म्हणून खुश होऊ नका, आणि दुपारी जास्त दिसला म्हणून हवा काढू नका. आजच्या सकाळची तुलना उद्याच्या सकाळशी करा. रोज एक-दोन पौंड कमी होत असतील तर आत काटा आहे. तो काढा, पक्कं पंक्चर काढून घ्या. आणि पंक्चरवाल्याला आधीच सांगा की आत सीलंट आहे. ओल्या, चिकट रबरावर त्याचं ठिगळ बसत नाही. धुऊन, वाळवून मगच त्याला सोल्युशन लावता येतं. न सांगता चाक त्याच्यापुढे टाकलं तर तो चिडतो, आणि त्याचं चिडणं रास्त आहे.

आधी काय घ्यावं

खिशात पैसे मोजके आहेत, तेव्हा क्रम सांगतो. पहिलं, हवा मोजायचं साधं गेज आणि पायाने मारायचा पंप. गेजला बॅटरी लागत नाही, मोबाइल लागत नाही. आठवड्यातून दोनदा सकाळी लावलं की आपल्यापुरतं सेन्सरचं काम झालं. दुसरं, टायर बदलायची वेळ आली असेल तर चांगला टायर. तिसरं, टायर चांगला असेल आणि काट्याची वाट रोजची असेल तर सीलंट. चौथा आणि शेवटचा, सेन्सर. ज्याला रात्री-बेरात्री लांब जायचं असतं, दूध न्यायचं असतं, त्याने तो जरूर घ्यावा. पण गेज न घेता सीलंट टाकणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली असं समजा.

बाटली तुम्हाला वाचता येते का?

शेतकीचा माणूस म्हणून एक धोका सांगणं माझं काम आहे. काही सीलंटमध्ये इथिलिन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि पोटात विष आहे. कुत्रं चाटेल, वासरू चाटेल, लेकरू बोट लावेल. रिकामी बाटली गोठ्यात ठेवू नका, तिच्यात तेल-रॉकेल भरू नका. टायर धुतलेलं पाणी हौदाजवळ सांडू नका.

हे सगळं बाटलीवर लिहिलेलं असतं. पण कोणत्या भाषेत? २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर लेबल वाचा, लेबल वाचा, असं सगळे आपल्यालाच सांगत सुटले. कीटकनाशकाच्या लेबलवर प्रादेशिक भाषा असावी असा नियम तरी आहे. घरी गेल्यावर सीलंटची बाटली आणि सेन्सरचा कागद काढून बघा, त्यावर मराठी आहे का? आपण आज बसलोय ते रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी इथे लीळाचरित्र सिद्ध केलं, ते लोकांच्या मराठीत. आता तर मराठी भाषेचं विद्यापीठही इथेच सुरू झालं आहे. ज्या भाषेत आठशे वर्षांपूर्वी तत्त्वज्ञान सांगता आलं, त्या भाषेत पाव लिटर सीलंट कसं भरावं हे कंपन्यांना सांगता येत नसेल, तर अडचण भाषेची नाही. गिऱ्हाईक म्हणून ते आपल्याला मोजतच नाहीत, ही अडचण आहे. दुकानदाराकडे मराठी कागद मागा. दहा गावांतून मागणी गेली की तो वरती कळवेल.

सीलंट हा पांदण न झाल्याचा दंड

आणि शेवटी मुळाशी जाऊ. हवेचा टायर १८८८ मध्ये डनलॉप नावाच्या माणसाने बेलफास्ट शहरात काढला. तो जनावरांचा डॉक्टर होता. लेकराच्या तीनचाकी सायकलला दगडी रस्त्यावर हादरे बसू नयेत म्हणून त्याने तो केला. पुढे टायरच्या अंगात कित्येक वर्षं कापसाच्या दोऱ्यांचे थर असायचे, नंतर रेयॉन आणि नायलॉन आलं. टायर सुधारत गेला, पण तो रस्त्यासाठी केलेला आहे. आपण त्याला काट्यातून हाकतो आणि पुन्हा त्यालाच नावं ठेवतो.

पांदण मोकळी आणि मुरमाची असती, तर निम्मे काटे टायरपर्यंत आलेच नसते. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये जाहीर झाली. तुमच्या गावाची पांदण तिच्यात बसली का, हे ग्रामपंचायतीत विचारा. वाट कोणी अडवली असेल तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याने तहसीलदाराकडे दाद मागता येते. शेताला वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. ज्या वाटेने आपण चालतो तिथली बाभळीची काटी उचलायला मात्र तहसीलदाराची गरज नाही. कुंपण करून उरलेल्या काट्या पांदणीत टाकणारा आपलाच भाऊबंद असतो, हेही बोलून टाकू.

तेव्हा या बैठकीपुढे माझ्या तीन सूचना आहेत. प्रत्येक गावाने वर्गणी काढून एक चांगलं गेज आणि एक पायपंप घ्यावा, आणि तो जिथे माणसं सकाळी जमतात तिथे, पारावर किंवा दूध डेअरीवर ठेवावा. पऱ्हाटी उपटून झाली की एक दिवस सगळ्यांनी मिळून पांदण काट्यांपासून साफ करावी. आणि मोटारसायकलचा टायर शेतीच्या अवजारात धरून त्यावरचा कर ट्रॅक्टरच्या टायरइतका करावा, असा ठराव आज करून पाठवावा.

पहिल्या दोन गोष्टींना कोणाची परवानगी लागत नाही. त्या या हंगामात करा. तिसरीसाठी भांडावं लागेल, आणि भांडायची आपल्याला सवय आहे. ठराव मांडतो, मान्य असेल त्यांनी हात वर करावेत.